कॅथरिना शेवटी नमते का? एका हट्टी नायिकेचा ग्राफ, प्रवेशागणिक

राज्य नाट्य स्पर्धेचा आणि महाविद्यालयीन एकांकिकांचा मोसम जवळ आला की नाशिकमध्ये संहितांची शोधाशोध सुरू होते. सार्वजनिक वाचनालयातली नाटकांची कपाटं धुंडाळली जातात, जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स हातोहात फिरतात, आणि एखाद्या गटात कुणीतरी शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'चं नाव काढतं. विनोदी आहे, पात्रं भरपूर आहेत, मुलीला दणदणीत भूमिका आहे. वाचन सुरू होतं. पहिले अंक हसतखिदळत जातात आणि पाचव्या अंकात नायिकेचं लांबलचक भाषण आलं की खोली एकदम गप्प होते. जिने बापाला, बहिणीला, होणाऱ्या नवऱ्याला तोंडावर सुनावलं, तीच आता इतर बायकांना नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायला सांगते. "हे मी बोलणार नाही," भूमिका करणारी मुलगी म्हणते. "मग हे नाटक सोडूनच देऊ," दुसरं कुणीतरी म्हणतं. विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये असं मला मनापासून वाटतं. नाटक करायचं की नाही हे नंतर ठरवता येईल. आधी त्या बाईचं नेमकं काय होतं ते पाहायला हवं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. कॅथरिना बदलते, पण ती त्या भाषणात बदलत नाही. त्याच्या बरंच आधी, भर दुपारी एका रस्त्यावर बदलते. त्या रस्त्यावर तिची जीभ आणखी तल्लख होते. आणि तिला तिथवर ज्या मार्गाने आणलं जातं तो मार्ग क्रूर आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या धरल्याशिवाय या नाटकाचा अर्थ लागत नाही.

आधी गोष्ट

१५९०च्या सुमाराला लिहिलेलं हे नाटक इटलीतल्या पादुआ शहरात घडतं. बाप्तिस्ता या धनाढ्य गृहस्थाला दोन मुली. थोरली कॅथरिना फटकळ, धाकटी बियांका शालीन म्हणून नावाजलेली. बियांकाला मागण्यांवर मागण्या येतात, पण बापाची अट आहे: थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं नाही. ही अट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

व्हेरोनाहून पेट्रुचिओ येतो. पैशासाठी लग्न करायला आलोय, हे तो लपवत नाही. २०,००० क्राउन रोख आणि सासऱ्याच्या पश्चात त्याची निम्मी जमीन, असा हुंडा ठरतो. लग्नानंतर तो कॅथरिनाला आपल्या गावाकडच्या घरी नेतो, खाऊ देत नाही, झोपू देत नाही. पुढे बियांकाच्या लग्नाच्या जेवणावळीत तीन नवरे पैज लावतात, की बोलावताक्षणी कुणाची बायको येते ते बघू. कॅथरिना येते, पेट्रुचिओ जिंकतो, आणि ते भाषण होतं.

ग्राफ म्हणजे काय?

तालमीत हा शब्द रोज ऐकू येतो. पात्र पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या प्रवेशापर्यंत मनाने कुठून कुठे जातं, त्या प्रवासाची रेघ म्हणजे त्या भूमिकेचा ग्राफ. नटाला प्रत्येक प्रवेशात आपण या रेघेवर कुठे उभे आहोत हे ठाऊक असावं लागतं. नाहीतर शेवट अचानक वरून येऊन पडल्यासारखा वाटतो. कॅथरिनाच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच होतं. चार अंक ओरडणारी बाई आणि पाचव्या अंकात मवाळ बाई, एवढे दोनच ठिपके काढले जातात. मधली रेघ कुणी काढतच नाही.

रेघ काढताना वागणं आणि जोम यांत गल्लत होऊ द्यायची नाही. आपल्याकडची द्राक्षवेल बघा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा मंडपावर नुसते खुंट उरतात, नवख्या माणसाला बाग मेली असंच वाटेल. मग त्यांवर नव्या काड्या फुटतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्या काड्यांतून घड निघतात. वेलीचा जोम तोच असतो, तो कुठे जाणार ते बदललेलं असतं. हट्टी नायिकेचा ग्राफ पाहताना दर प्रवेशाला हेच विचारायचं: जोम मेला, की दुसरीकडे वळला? अर्थात छाटणी करताना वेलीला कुणी विचारत नाही. कॅथरिनालाही कुणी विचारलेलं नाही, आणि या नाटकाबद्दलचा खरा आक्षेप तोच आहे.

ती भांडते ते कशावरून?

कॅथरिना रंगमंचावर येते तेव्हा बाप भर रस्त्यात बियांकाच्या दोन मागणीदारांना सांगत असतो की हवं तर थोरलीला मागणी घाला. त्यावर ते दोघं तिच्यादेखत तिची टर उडवतात. कॅथरिनाचं नाटकातलं पहिलं वाक्य बापाला विचारलेला प्रश्न आहे: या लोकांपुढे माझं हसं करायचं ठरवलंय का तुम्ही? या वाक्यात आक्रस्ताळेपणा नाही. चारचौघांत किंमत लावली जाणाऱ्या मुलीचा तो साधा, रास्त प्रश्न आहे. बाप त्याचं उत्तर देत नाही.

पुढच्या अंकात ती बियांकाचे हात बांधते, तिला मारते. हे समर्थनीय नाही आणि ते सौम्य करून दाखवूही नये. पण बाप मध्ये पडल्यावर ती काय म्हणते ते ऐका: तीच तुमचा ठेवा, तिला नवरा मिळायलाच हवा, आणि तिच्या लग्नात मी मात्र अनवाणी नाचायचं. थोरली बिनलग्नाची राहिली तर धाकटीच्या लग्नात तिने अनवाणी नाचावं, अशी तिकडे जुनी म्हण होती. म्हणजे रागाच्या खाली नाकारलेपणाचं दुःख आहे, आणि लोक हसतील ही धास्ती आहे.

ही धास्ती दोरा धरल्यासारखी पुढे जाते. पेट्रुचिओशी पहिली गाठ पडते तेव्हा दोघांची जुगलबंदी रंगते. नाटकात पहिल्यांदाच तिच्या तोडीचं बोलणारा कुणीतरी समोर आलेला असतो. ती त्याला थोबाडीत मारते, तो पुन्हा मारलंस तर मीही मारीन म्हणतो, आणि शब्दाला शब्द लागत जातो. पण बाप आत येताच पेट्रुचिओ बिनदिक्कत सांगतो की आमचं जमलं, रविवारी लग्न. वर हेही जोडतो की चारचौघांत तिने खाष्टासारखंच वागायचं असं आमचं आपसात ठरलंय. "त्याआधी तुला फासावर चढलेला बघीन," असं ती म्हणते. त्यानंतर बाप दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो आणि शेक्सपिअरने तिच्या तोंडी एकही वाक्य दिलेलं नाही. सदैव बोलणारी बाई नेमकी लग्न ठरताना गप्प. का? होकार आहे, धक्का आहे, की आपलं कुणी ऐकणारच नाही हे कळून चुकलंय? संहिता सांगत नाही. ही जागा लक्षात ठेवा.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा पत्ता नसतो. ती रडते, आणि कारणही स्वतःच सांगते: लोक बोट दाखवून म्हणतील, ही बघा त्या वेड्या पेट्रुचिओची बायको. पहिल्या प्रवेशातलंच दुखणं, आता अख्ख्या गावासमोर. तो येतो तो फाटक्या विचित्र कपड्यांत, रोगट घोड्यावर. चर्चमध्ये पाद्र्याला तडाखा देतो, जेवणाला न थांबता तिला ओढून नेतो, आणि जाताना सगळ्यांना ऐकवतो की ही माझी मालमत्ता आहे, माझं घर, माझं शेत, माझा बैल, माझं गाढव, माझं सगळं काही.

पेट्रुचिओची रीत

गावाकडच्या घरी जेवण करपलं म्हणून फेकलं जातं, अंथरूण नीट नाही म्हणून उधळलं जातं, आणि सगळं तिच्या काळजीपोटी चाललंय असा आव. मग पेट्रुचिओ एकटाच रंगमंचावर उरतो आणि प्रेक्षकांना आपला बेत उघड सांगतो. त्याची उपमा ससाणा पाळणाऱ्याची आहे. शिकारीसाठी रानटी ससाणा तयार करताना त्याला उपाशी आणि जागं ठेवायचे. थकून-भुकेजून तो माणसाच्या हातावर यायला शिकायचा. त्या काळच्या प्रेक्षकांना ही पद्धत नेहमीच्या पाहण्यातली होती. आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा.

"पण तो तिला मारत तर नाही ना?" असं म्हणणारे भेटतात. खरं आहे, मारत नाही. अनेक प्रयोगांत पेट्रुचिओच्या हाती चाबूक दिला गेला, तो शेक्सपिअरच्या संहितेत नाही. पण उपाशी ठेवणं आणि झोप मोडणं याला आज आपण छळच म्हणतो. त्या शब्दापासून दूर पळून हे नाटक वाचता येणार नाही.

इथे कॅथरिनाचा सगळ्यात मोठा, सगळ्यात उघडा उद्गार येतो. शिंप्याने आणलेली टोपी आणि झगा पेट्रुचिओ नाकारतो, तेव्हा ती म्हणते की मी लहान मूल नाही, तुमच्यापेक्षा मोठ्या माणसांनी माझं बोलणं ऐकून घेतलंय. मनातला राग माझी जीभ बोलणारच, नाहीतर तो दाबून माझं काळीज फुटेल. नाटकातली ही मला सर्वांत जवळची वाटणारी ओळ. पेट्रुचिओ काय करतो? ऐकलंच नाही असं दाखवून म्हणतो, बरोबर बोललीस, टोपी भिकारच आहे. तिच्या शब्दांना तो जाणूनबुजून चुकीचा अर्थ लावतो. आजवर लोक तिच्यावर चिडत होते, तिला भीत होते, म्हणजे तिचे शब्द निदान लागत तरी होते. आता ते कुठे लागतच नाहीत. भुकेपेक्षा हा मारा तिला जास्त हलवतो असं मला वाटतं.

रस्त्यावर काय बदलतं?

माहेरच्या वाटेवर दिवसाढवळ्या पेट्रुचिओ म्हणतो, चंद्र किती छान चमकतोय. ती म्हणते, तो सूर्य आहे. तो म्हणतो, मी म्हणेन तेच, नाहीतर परत फिरू. बरोबर असलेला पेट्रुचिओचा मित्र हॉर्टेन्सिओ तिला गयावया करतो की म्हण बाई तो म्हणतो तसं, नाहीतर आपण कधीच पोचणार नाही. आणि ती म्हणते: चला पुढे, इतकं आलोच आहोत, चंद्र म्हणा, सूर्य म्हणा, मिणमिणता दिवा म्हणायचं असेल तर तेही म्हणा, माझ्यासाठी तोच.

इथवर ही हार आहे असं वाटू शकतं. पुढची चार वाक्यं मात्र अगदी सावकाश वाचावीत. तो म्हणतो चंद्र, ती म्हणते चंद्रच. तो उलटतो, खोटं, हा तर सूर्य. त्यावर ती म्हणते, देवाची कृपा, सूर्यच आहे; पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही, आणि तुमच्या मनासारखाच चंद्रही पालटत असतो. चंद्राचा वेडाशी संबंध आहे असं त्या काळी सर्रास मानत. होकाराच्या आत तिने त्याला चंचल आणि वेडा ठरवून टाकलंय, आणि तो काही बोलू शकत नाही, कारण वरवर तिने आज्ञाच पाळली आहे.

लगेच वाटेत एक म्हातारे गृहस्थ भेटतात. पेट्रुचिओ त्यांना सुंदर तरुणी म्हणून हाक मारतो. कॅथरिना नुसतं 'हो' म्हणून थांबत नाही. ती त्या म्हाताऱ्याला उमलती कळी म्हणते, तुझे आईबाप किती भाग्यवान, तू ज्याच्या वाट्याला येशील तो किती भाग्यवान, असं रंगवत सुटते. तो तिला 'वेडी झालीस का, हे तर म्हातारे गृहस्थ' म्हणतो, तेव्हा ती माफी मागताना म्हणते, सूर्याने डोळे दिपले होते माझे. मघाचा तोच सूर्य! त्याचा डाव तिने उचलला, त्याच्याहून चांगला खेळला आणि सफाईने संपवला.

आजवर तिची जीभ फक्त परतवून लावत होती. आता ती रचते, कल्पना करते, दुसऱ्याला खेळात ओढते. ग्राफमधलं वळण हे आहे. आणि लोक हसतील ही तिची जुनी धास्तीही इथेच गळून पडते: अनोळखी माणसासमोर ती स्वतःहून वेड्यासारखं बोलते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. म्हणून मी म्हणते की ती बदलते. पण तिला दुसरा पर्याय होता का, याचं उत्तर नाही असंच आहे. परत फिरलो तर पुन्हा तेच घर, तीच उपासमार, हे तिला माहीत आहे. आनंद खरा आणि दडपणही खरं. नटीने दोन्ही एकदम धरायचं असतं, आणि म्हणूनच ही भूमिका अवघड.

मग त्या ४४ ओळींचं काय करायचं?

शेवटचं भाषण इंग्रजी संहितेत ४४ ओळींचं आहे, नाटकातलं सर्वांत लांब. नवरा हा तुझा स्वामी, तुझं जीवन, तुझा राजा. तो तुझ्यासाठी समुद्रावर-जमिनीवर राबतो, तू घरात उबेत निजतेस. प्रजेने राजाशी वागावं तसं बायकोने वागावं, असा सगळा युक्तिवाद.

ढोबळ मानाने ते तीन तऱ्हांनी बोललं जातं. एक तऱ्हा मनापासून: ती खरंच असं मानू लागली आहे. दुसरी वरवर: ती मनात हसते आहे. १९२९च्या बोलपटात मेरी पिकफर्डने भाषण संपवताना बहिणीला डोळा मारला, तो या तऱ्हेचा प्रसिद्ध नमुना. तिसरी मोडलेली: आवाज सपाट, डोळे रिकामे, आणि प्रेक्षकांना हसायला लाज वाटेल असा शेवट.

मला यातली कुठलीही एक तऱ्हा अख्ख्या भाषणाला पुरेशी वाटत नाही. रस्त्यावर जी बाई होकाराच्या आत टोमणा लपवायला शिकली तीच इथे बोलते आहे. नवरा समुद्रावर राबतो म्हणे. तिचा नवरा हुंड्यासाठी आला हे मंचावरच्या सगळ्यांना माहीत आहे. शिवाय ती बोलते ती मुख्यतः बियांका आणि हॉर्टेन्सिओची नवी बायको यांच्याशी, आणि त्या दोघी नुकत्याच तिच्यादेखत बेमुर्वत वागलेल्या आहेत. आयुष्यभर जिच्या शालीनपणाशी तुलना होऊन कॅथरिना कमी ठरली, तिला सर्वांसमोर धडा द्यायची ही संधी. गोड बियांका लपून लग्न करते, बोलावल्यावर येत नाही, वर नवऱ्यालाच मूर्ख म्हणते. दोन बहिणींच्या रेघा इथे एकमेकींना छेदून जातात. पण भाषणातल्या विचारांना हे सगळं सांगून झाकता येत नाही. ते विचार आहेत तसे आहेत आणि ते चूक आहेत.

पैज १०० क्राउनची होती. बाप खूश होऊन आणखी २०,००० क्राउन हुंडा देतो आणि म्हणतो, ही पूर्वीची राहिलीच नाही, म्हणून दुसऱ्या मुलीचा दुसरा हुंडा. ती बदलली असं सगळे पुरुष म्हणतात. ती स्वतः एकदाही म्हणत नाही.

"पण हे तर नाटकातलं नाटक आहे"

हा आक्षेप चांगला आहे. कॅथरिनाच्या गोष्टीच्या आधी एक प्रास्ताविक प्रवेश आहे. स्लाय नावाच्या दारुड्याला एक सरदार गंमत म्हणून महालात झोपवतो, तो उमराव आहे अशी त्याची समजूत करून देतो, एका पोऱ्याला बाईचा वेष देऊन त्याची बायको म्हणून बसवतो, आणि त्यांच्यापुढे हे नाटक होतं. म्हणजे सगळी गोष्ट एका दारुड्याची फसवणूक करण्यासाठी केलेला खेळ आहे.

अडचण अशी की १६२३ साली छापलेल्या संहितेत स्लाय पहिल्या अंकातच विरून जातो आणि परत येत नाही. १५९४ साली छापलेल्या, याच कथेच्या एका वेगळ्या नाटकात तो शेवटी जागा होतो आणि आता बायकोला कसं वठणीवर आणायचं ते कळलं म्हणत घरी जातो. म्हणून काही दिग्दर्शक तो शेवट उचलून इथे जोडतात. प्रास्ताविक ठेवलं की प्रेक्षक जरा अंतरावरून बघतो, एवढा फायदा नक्की. भुकेलेली बाई मात्र भुकेलेलीच राहते. आणि आपल्याकडे वेळ वाचवायला पहिल्यांदा हेच प्रास्ताविक कापलं जातं, ते मला घाईचं वाटतं.

"तो काळच तसा होता"

काही अंशी. इंग्रजी कायद्याने लग्नानंतर बायकोची मालमत्ता नवऱ्याकडे जायची, आणि हे तिथे बऱ्याच अंशी १८८२च्या कायद्याने पालटलं. पण त्या काळातल्या सगळ्यांना हे नाटक निमूट पटत होतं असं मानायचं कारण नाही. शेक्सपिअर हयात असतानाच, १६११च्या आसपास, नाटककार जॉन फ्लेचरने उत्तरादाखल पुढचा भाग लिहिला. त्यात कॅथरिना वारलेली आहे, पेट्रुचिओ दुसरं लग्न करतो आणि नवी बायको मारिया त्यालाच वठणीवर आणते. १६३३च्या नोव्हेंबरात राजदरबारात दोन दिवसांच्या अंतराने दोन्ही नाटकं झाली. पहिलं आवडलं आणि दुसरं फार आवडलं, अशी नोंद आहे. पुढे १८९७ साली बर्नार्ड शॉने शेवटच्या प्रवेशावर सडकून टीका केली. प्रश्न विचारणारे त्याही काळी होते.

मराठीत ती 'त्राटिका' झाली

नाशिककरांना शेक्सपिअर म्हटलं की शोकांतिका आठवतात, कारण तात्यासाहेब शिरवाडकर. मॅकबेथवरून 'राजमुकुट', त्यांचाच 'ऑथेल्लो', आणि 'नटसम्राट'वर पडलेली किंग लिअरची सावली. पण हसवणारा शेक्सपिअर मराठीत त्याच्याही कितीतरी आधी आला होता. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच नाटकाचं 'त्राटिका' केलं आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवलं. गणपतराव जोशी प्रतापराव (म्हणजे पेट्रुचिओ), बाळाभाऊ जोग त्राटिका.

म्हणजे कॅथरिना तिकडे पोरगेल्या मुलाने केली आणि इकडेही पुरुषाने. स्त्रीच्या हट्टाची नक्कल पुरुषाने करायची, तो हट्ट मोडतानाही पुरुषानेच दाखवायचं, आणि बघणारेही बहुतांशी पुरुष. बाईच्या तोंडून ते भाषण ऐकू आल्यावर त्याचा अर्थ बदलला, तो उगाच नाही.

त्याच काळात महाराष्ट्रात खरोखरीचा एक नकार गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं रखमाबाईंनी सांगितलं. १८८४ साली त्यांच्यावर दावा झाला. १८८५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलानंतर १८८७ साली न्यायालयाने फर्मावलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली २,००० रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. एकीकडे रंगमंचावर त्राटिका वठणीवर येताना टाळ्या पडत होत्या आणि दुसरीकडे वर्तमानपत्रांतून एका हट्टी बाईवर शाई ओतली जात होती. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर 'काळच तसा होता' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

ती एकटी कधीच बोलत नाही

पेट्रुचिओला स्वगतं आहेत. आपला बेत तो आपल्याला विश्वासात घेऊन सांगतो. कॅथरिनाला संपूर्ण नाटकात एकही स्वगत नाही. ती सतत कुणाच्या तरी समोर, कुणाच्या तरी उत्तरादाखल बोलते. तिच्या मनात काय चाललंय हे आपण कायम बाहेरून ताडतो.

आपल्या रंगभूमीने नायिकांना ही जागा दिली. देवलांच्या 'शारदा'त म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचं भय पदांतून थेट प्रेक्षकांपर्यंत पोचतं. (२१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा प्रयोग याच नाटकाचा होता.) शॉच्याच 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली आणलेल्या 'ती फुलराणी'त मंजुळा एकटीच उभी राहून मास्तरांना धडा शिकवायची शपथ घेते, आणि भक्ती बर्वेंचं ते स्वगत लोकांना आजही पाठ आहे. मंजुळाची भाषा बदलते तेव्हा तिला आतून काय होतंय ते आपल्याला कळतं, म्हणून तिच्या बदलाबद्दल सहसा भांडण होत नाही.

कॅथरिनाबद्दल चारशे वर्षं भांडण चालू आहे ते याचमुळे. तिचं आतलं मन लेखकाने लिहिलेलं नाही, आणि ती रिकामी जागा प्रत्येक पिढीतली नटी भरते.

"मग आज करायचं कशाला?"

करायलाच हवं असं नाही. पण ज्यांना करावंसं वाटतं त्यांनी तालीम शेवटच्या भाषणापासून सुरू करू नये. आधी रस्त्याचा प्रवेश बसवा. तिथे कॅथरिना खेळते आहे, थकली आहे, की दोन्ही, हे नटीला सापडलं की भाषण कसं बोलायचं याचे निम्मे प्रश्न सुटतात. मग हात हातात दिल्यावरचा तो गप्प क्षण बसवा. तिथे ती कुणाकडे बघते, हात सोडवून घ्यायचा प्रयत्न करते का, हे ठरवा. उपाशी ठेवण्याच्या प्रवेशातले हशे मोजूनमापून घ्या. नोकरांच्या धांदलीला हसू येऊ दे. तिच्या भुकेला हसू आलं तर प्रवेश फसला.

आणि भाषण कापू नका. ते कापलं की तिच्या हातातली सर्वांत लांब बोलण्याची वेळच जाते. नावडते विचार बोलणारी बाई कशी उभी आहे, कुणाकडे पाहून बोलते आहे, कुठे श्वास घेते आहे, यात नटीला जेवढं सांगता येतं तेवढं दुसऱ्या कुठल्याही प्रवेशात नाही.

दिग्दर्शकांसाठी एक शेवटची गोष्ट. पेट्रुचिओ पैज जिंकून निघतो तेव्हा आजच्या बहुतेक प्रतींत 'पेट्रुचिओ आणि कॅथरिना जातात' असं छापलेलं असतं. १६२३च्या छपाईत तिथे फक्त पेट्रुचिओच्या जाण्याची सूचना आहे. कॅथरिनाचं नाव नंतरच्या संपादकांनी घातलं. ते छापणाऱ्याच्या हातून राहिलंही असेल. पण ती त्याच्याबरोबर जाते, त्याच्या पुढे जाते, की नंतर एकटी जाते, हे ठरवायला जुनी संहिता तुम्हाला अडवत नाही.